ड्रम, टाकी आणि बारवी धरण

भिवंडीच्या गोदामातून माल भरून निघालेल्या एखाद्या ट्रकची डिझेलची टाकी ३०० लिटरची धरू. उद्या डिझेलमध्ये १० टक्के ब्युटेनॉल मिसळायचं ठरलं, तर त्या टाकीत ३० लिटर नवं इंधन येईल. इथपर्यंत हिशोब बिनबोभाट आहे. आता मागे मागे जाऊ. हे ३० लिटर बनवायला, प्रक्रियेत कणभरही वाया गेलं नाही असं मानलं तरी, ५६ किलो साखर लागते. म्हणजे एक पोतं आणि वर सहा किलो. तेवढ्या साखरेला साडेपाचशे किलो ऊस. आणि ही साखर शंभर वर्षांपासून माहीत असलेल्या जिवाणूंकडून आंबवून घ्यायची, तर जवळपास दोन हजार लिटर पाणीदार आंबवण ढवळावं लागतं. टाकीत पडणार ३० लिटर. तेही एका ट्रकच्या, एकदाच भरलेल्या टाकीत.

ब्युटेनॉल ही नवलाईची चीज नव्हे. इथेनॉलसारखंच ते एक अल्कोहोल. फक्त इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे दोन अणू, तर याच्यात चार. त्यांची मांडणी सरळ असली की एन-ब्युटेनॉल, फाटा फुटलेली असली की आयसोब्युटेनॉल. केमिकलच्या धंद्यातली माणसं ‘एनबीए’ आणि ‘आयबीए’ म्हणून मोकळी होतात. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये भरलेलं ब्युटेनॉल डोंबिवली, अंबरनाथ, तळोजा, तुर्भे अशा औद्योगिक पट्ट्यांत रंग, रेझिन, शाई आणि औषधांच्या कामाला लागतं. त्याचं ॲक्रिलेट केलं की भिंतीच्या इमल्शन रंगाला धरून ठेवणारा बंधक तयार होतो. ॲसिटेट केलं की लाकडाचं लॅकर आणि नेलपॉलिश. ग्लायकॉल ईथर केलं की ब्रेक ऑइल. ठाण्यातल्या नव्या टॉवरच्या भिंतीवर चार कार्बनची ही साखळी आधीच चिकटलेली आहे, फक्त राहणाऱ्याला तिचं नाव ठाऊक नसतं.

मग ते इंजिनात का घालायचं? याचं उत्तरही आकड्यांतच आहे, आणि सुरुवातीला हे आकडे फार लोभस वाटतात. एक लिटर इथेनॉल जाळलं तर सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, ब्युटेनॉलमधून २७, पेट्रोलमधून ३२, डिझेलमधून ३६. डिझेलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळलं तर लिटरमागे चार टक्के ऊर्जा घटते. ब्युटेनॉल मिसळलं तर अडीच. इथेनॉल पाण्यात हवं तेवढं विरघळतं, हवेतला ओलावाही ओढून घेतं. ब्युटेनॉल मात्र शंभर भाग पाण्यात सात-आठ भागच विरघळतं, त्यामुळे पाइपलाइनीतून आणि टाक्यांतून नेताना कमी त्रास देतं. डिझेलशी इथेनॉलचं मुळात जमत नाही. थंडीत किंवा थोडं पाणी शिरलं की दोन थर वेगळे होतात, आणि मिश्रणाचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो अंश, दाणकन खाली येतो. इथेनॉलचा ज्वलनांक १३ ते १७ अंशांच्या घरात, एन-ब्युटेनॉलचा ३५ च्या आसपास, आयसोब्युटेनॉलचा २८.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठलं. त्याच वर्षी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जाहीरपणे सांगितलं की डिझेलमध्ये १० टक्के इथेनॉलचा प्रयोग यशस्वी झाला नाही, आता पुण्याची एआरएआय ही संस्था आयसोब्युटेनॉल तपासते आहे. बातमी वाचून साखरपट्ट्यात उत्साह पसरणं साहजिक होतं. पण दहा टक्के कशाचे, हे आधी पाहू.

भारतात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जळतं. लिटरमध्ये सांगायचं तर ११ हजार कोटींच्या जवळ, दिवसाला साधारण ३० कोटी लिटर. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे रोजचं ३ कोटी लिटर ब्युटेनॉल. वीस हजार लिटरचा एक टँकर धरला तर रोज दीड हजार टँकर. एकेक टँकर दहा मीटरचा धरून, नाकाला नाक लावून ते उभे केले, तर रांग पंधरा किलोमीटरची होते. ठाणे स्टेशनपासून कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर करत थेट डोंबिवलीपर्यंत. उद्या पुन्हा तेवढीच. परवाही. (शिळफाट्याला रोज अडकणाऱ्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.)

वर्षाचा हिशोब होतो ८७ लाख टन. जगभरात सगळे मिळून वर्षाला जेवढं एन-ब्युटेनॉल बनवतात ते चाळीस-पन्नास लाख टनांच्या आसपास आहे. म्हणजे चीन, अमेरिका, जर्मनी, सगळ्यांचे कारखाने आपल्या नावे लिहून घेतले तरी भारतीय डिझेलचे १० टक्के भरत नाहीत. इथेनॉलच्या बाबतीत आपण मोठी उडी मारली, हे खरं आहे. २०१३-१४ च्या हंगामात तेल कंपन्यांना ३८ कोटी लिटर इथेनॉल मिळालं होतं, २०२३-२४ मध्ये ७०७ कोटी. दहा वर्षांत अठरापट. ब्युटेनॉलसाठी मात्र जवळजवळ शून्यातून निघून १,०९० कोटी लिटर गाठायचे आहेत, आणि तेही इथेनॉलची गरज तशीच ठेवून.

आता साखर. रसायनशास्त्राची कमाल मर्यादा अशी की एक किलो साखरेतून ४३३ ग्रॅम ब्युटेनॉल निघू शकतं, किंवा ५३८ ग्रॅम इथेनॉल. उरलेल्याचा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होतो. हे आकडे ऊर्जेत बदलले की गंमत दिसते. ४३३ ग्रॅम ब्युटेनॉलमध्ये सव्वाचौदा मेगाज्यूलपेक्षा किंचित जास्त, आणि ५३८ ग्रॅम इथेनॉलमध्येही तेवढेच. दोन आकड्यांत एका टक्क्याचाही फरक राहत नाही. म्हणजे लिटरमागे जास्त ऊर्जा देणारं ब्युटेनॉल साखरेतून काही जास्तीचं काढत नाही. तीच ऊर्जा कमी लिटरांत बांधून देतं. किलोभर साखरेतून इथेनॉल ६८० मिलिलिटर मिळतं, ब्युटेनॉल ५३५. ‘इथेनॉलपेक्षा तीस टक्के सरस इंधन’ असं कुणी सांगितलं की ही दोन मापं शेजारी ठेवावीत. शेतकऱ्याच्या उसाला यातून एक कॅलरीही वाढवून मिळत नाही.

८७ लाख टन ब्युटेनॉलसाठी या आदर्श हिशोबाने दोन कोटी टन साखर लागेल. महाराष्ट्राचे सगळे कारखाने चांगल्या हंगामात मिळून एक कोटी दहा लाख टनांच्या आसपास साखर काढतात. म्हणजे दोन महाराष्ट्र, आणि दोन्हीकडे चहा बिनसाखरेचा. ऊस लागेल वीस कोटी टन. हेक्टरी ८० टन उतारा धरला तर २५ लाख हेक्टर. पालघर वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ ४,२१४ चौरस किलोमीटर, म्हणजे सव्वाचार लाख हेक्टरांना जरा कमी. मुरबाड-शहापूरचे डोंगर, उल्हास नदीचं पात्र, येऊरचं जंगल, ठाण्याची खाडी आणि घोडबंदर रोडवरचे सगळे टॉवर धरून अख्ख्या जिल्ह्यात ऊस लावला, तरी असे सहा जिल्हे लागतील.

साखरेचा आकडा मोठा आहे, पण तो निदान कल्पनेत बसतो. खरी गोम पाण्यात आहे.

ब्युटेनॉल बनवणारा जुना जिवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम ॲसिटोब्युटिलिकम. तो साखर खातो आणि ॲसिटोन, ब्युटेनॉल, इथेनॉल असं त्रिकूट साधारण ३:६:१ या प्रमाणात बाहेर टाकतो. पण ब्युटेनॉल त्याच्याच पेशीच्या पडद्याला विरघळवतं. आंबवणात त्याचं प्रमाण सव्वा टक्क्यावर गेलं की जिवाणू काम थांबवतो आणि मरू लागतो. दारू बनवणारं यीस्ट दहा टक्के अल्कोहोलपर्यंत तग धरतं. हा सव्वा टक्क्यातच आडवा. म्हणून एक लिटर ब्युटेनॉल मिळवायला सुमारे ६५ लिटर आंबवण लागतं. अशा आंबवणात मिलिलिटरमागे दहा कोटी जिवाणू सहज असतात, बऱ्याचदा दसपट. कमीत कमी धरलं तरी एका लिटर ब्युटेनॉलमागे साडेसहा लाख कोटी जिवाणू राबतात. पृथ्वीवरची माणसं ८०० कोटी. म्हणजे अशा आठशे पृथ्व्यांची लोकसंख्या स्वतःच्या विषात बुडून मरते, तेव्हा बाटलीत लिटरभर इंधन येतं.

आणि ते ६४ लिटर पाण्यातून वेगळं काढायचं असतं. ३५ अंशांचं ६५ लिटर पाणी नुसतं १०० अंशांपर्यंत तापवायला साडेसतरा मेगाज्यूल उष्णता लागते. मिळणार काय, तर २७ मेगाज्यूलचं इंधन. पाणी उकळायच्या आतच दोन तृतीयांश कमाई चुलीत गेली. दहा टक्क्यांच्या इथेनॉलला हाच खर्च पावणेतीन मेगाज्यूल येतो, मिळकतीच्या आठव्या हिश्श्याएवढा. बाहेर जाणाऱ्या गरम पाण्याने आत येणारं आंबवण तापवून कारखाने यातली बरीच उष्णता वाचवतात, हे खरं. तरी इथेनॉलच्या आसवनीत ज्याला कुणी विचारत नाही तो खर्च इथे धंद्याच्या मुळावर येतो.

आता ट्रकवरून देशावर जाऊ. रोजचं ३ कोटी लिटर ब्युटेनॉल गुणिले ६५, म्हणजे रोज १९५ कोटी लिटर आंबवण. मुंबई महापालिका अख्ख्या शहराला रोज जेवढं पाणी पुरवते, त्याचं निम्मं. वर्षाचे झाले ७१ हजार कोटी लिटर, म्हणजे ७१ कोटी घनमीटर. बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीच्या मालकीचं. डोंबिवली-अंबरनाथच्या कारखान्यांना आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या लाखो घरांना त्याचं पाणी जांभूळच्या शुद्धीकरण केंद्रातून येतं. उंची वाढवल्यानंतर त्याची क्षमता ३३८.८४ दशलक्ष घनमीटर झाली. आपल्या आंबवणाला अशी दोन धरणं काठोकाठ भरूनही थोडं बाहेर सांडेल.

पाणी आत घेतलं की ते बाहेरही सोडावं लागतं. आसवनीतून निघणारं स्पेंटवॉश हे काळपट, ऑक्सिजन खाणारं सांडपाणी; साखरपट्ट्यातल्या ओढ्यांना त्याची चव माहीत आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीतलं मोठं सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र दिवसाला १६ दशलक्ष लिटरचं आहे. रोजचं १,९५० दशलक्ष लिटर निस्तरायला तशी एकशे वीस केंद्रं लागतील. एका केंद्राच्या भरवशावर डोंबिवलीने २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये गुलाबी रस्ता पाहिला आहे. प्रोबेस कंपनीत २६ मे २०१६ रोजी आणि अमुदान केमिकल्समध्ये २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनंतर तर शहराची मागणी उलट दिशेची आहे: जे आहेत तेच धोकादायक कारखाने हलवा. पस्तीस अंश ज्वलनांकाचं द्रव साठवायला चाळिशी ओलांडणारा ठाणे जिल्ह्याचा उन्हाळा तसाही काही सोयीचा नाही.

पासष्ट लिटरचा हिशोब जुन्या जिवाणूचा आहे, हे सांगितलं पाहिजे. आयसोब्युटेनॉलसाठी जनुकं बदललेलं यीस्ट वापरतात आणि तयार होणारं ब्युटेनॉल निर्वात दाबाखाली सतत उपसत राहतात, म्हणजे विष साचतच नाही आणि तेच पाणी पुन्हा कामाला येतं. निसर्गानेही इथे एक सवलत ठेवली आहे. ब्युटेनॉल आणि पाण्याची एकत्र वाफ थंड केली की द्रवाचे आपोआप दोन थर होतात, वरच्या थरात सुमारे ऐंशी टक्के ब्युटेनॉल. इथेनॉल असं कधी करत नाही, ९५-९६ टक्क्यांवर ते पाण्याला घट्ट धरून बसतं. पण प्रयोगशाळेतलं कारखान्यात आणताना काय होतं याचं उदाहरण अमेरिकेत आहे. गेवो कंपनीने मिनेसोटातल्या लुवर्न गावची इथेनॉलची आसवनी विकत घेऊन २०१२ मध्ये वर्षाला १ कोटी ८० लाख गॅलन आयसोब्युटेनॉलच्या बेताने सुरू केली. काही महिन्यांतच आंबवणात नको ते जंतू शिरले, आणि कंपनीने तिथे पुन्हा इथेनॉल काढायला घेतलं. बेत पूर्ण सिद्धीस गेला असता तरी वर्षाचं उत्पादन ६ कोटी ८० लाख लिटर. आपली सव्वादोन दिवसांची गरज.

एवढं अवघड असूनही एकेकाळी जग ब्युटेनॉल आंबवूनच काढत होतं, आणि तेही चुकून. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला तोफांच्या कॉर्डाइट दारूसाठी ॲसिटोन हवं होतं. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ हाइम वाइझमन, जे पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, यांच्याकडे हा जिवाणू होता. त्यांच्या आठवणीनुसार चर्चिल यांनी एकदम तीस हजार टन ॲसिटोनची मागणी केली. ३:६:१ हे प्रमाण आठवा. तीस हजार टन ॲसिटोन काढायचं तर साठ हजार टन ब्युटेनॉल गळ्यात पडणार, ज्याला तेव्हा गिऱ्हाईकच नव्हतं. धान्य कमी पडलं तेव्हा ब्रिटिश शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटच्या बिया गोळा करून घेतल्या. आपल्याकडे सरकारने नाशिकला ॲसिटोनचा कारखाना उभारला तो मोहाची फुलं डोळ्यांपुढे ठेवून.

लढाई संपली आणि पारडं फिरलं. मोटारींचा जुना तेलरंग वाळायला आठवडे लागत. नायट्रोसेल्युलोज लॅकर तासांत वाळू लागलं, आणि त्याला लागणारा द्रावक होता ब्युटाइल ॲसिटेट. काल ज्याला कुणी विचारत नव्हतं ते ब्युटेनॉल आता मुख्य माल झालं आणि ॲसिटोन जोडधंदा. अमेरिकेत टेर होटला मक्यावर चालणारे प्रचंड फर्मेंटर उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतलं दोन तृतीयांश ब्युटेनॉल जिवाणूंचं होतं.

मग खनिज तेल आलं. प्रोपिलीन वायूला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जोडायचे, मिळालेल्या अल्डिहाइडला आणखी हायड्रोजन द्यायचा, झालं ब्युटेनॉल. ना साखर, ना ६४ लिटर पाणी, ना मेलेले जिवाणू. या नव्या युगाचा आपल्याकडचा एक पहिला टप्पा ठाणे जिल्ह्यातच पडला. १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर रस्त्यावर मफतलाल आणि शेल यांच्या नोसिलने नॅफ्था फोडून इथिलीन-प्रोपिलीन काढणारा प्रकल्प सुरू केला. इथिलीनची क्षमता वर्षाला ६० हजार टन; त्या काळी हा आकडा भारतात डोळे दिपवणारा होता. त्या रस्त्यावर आता काचेच्या इमारती आहेत आणि संध्याकाळी कंपनीच्या बसची रांग.

आज कोचीला भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीशेजारी, २०२१ मध्ये उद्घाटन झालेल्या संकुलात, प्रोपिलीनपासून वर्षाला दोन लाख टनांवर अशी अल्कोहोलं बनवायची सोय आहे. डिझेलच्या १० टक्क्यांसाठी तशी चाळीसहून जास्त संकुलं लागतील, आणि ती चालणार आयात केलेल्या कच्च्या तेलावर. तेलाची आयात कमी करायला तेलापासून इंधन, हा व्यवहार कुणी करणार नाही.

माझ्या मते एआरएआयच्या चाचणीत इंजिन पास होईल. इंजिनाचा प्रश्न मोठा नव्हताच; २००५ मध्ये डेव्हिड रेमी या अमेरिकन गृहस्थाने १९९२ ची जुनी ब्यूक गाडी निव्वळ ब्युटेनॉलवर अमेरिकाभर फिरवून दाखवली होती. विमानांचीही वाट आहे. आयसोब्युटेनॉलमधून पाणी काढून उरलेले चार-चार कार्बनचे तुकडे जोडले की बारा कार्बनचं जेट इंधन होतं. इंधनाचे दर आणि हवाई कंपन्यांवरचे नियम पाहता तिथे डिझेलपेक्षा जास्त पैसे मिळू शकतात. पण जैविक ब्युटेनॉलने आधी भिवंडीच्या टाकीकडे न जाता डोंबिवलीच्या ड्रमकडे जावं. रंग आणि रेझिनवाला त्याच्या चार कार्बनचे पैसे मोजतो. डिझेलवाला फक्त उष्णतेचे मोजणार, आणि तेही डिझेलच्या भावाशी तुलना करून.

ड्रमच्या मापाने आकडे कसे दिसतात तेही पाहू. कोचीएवढं, वर्षाला दोन लाख टन ब्युटेनॉल साखरेतून काढायचं ठरवलं, तर ते होतं पंचवीस कोटी लिटर. साखर लागेल ४ लाख ६० हजार टन, महाराष्ट्राच्या चांगल्या हंगामातले चार टक्के. जुन्या जिवाणूच्या पद्धतीनेही आंबवण होईल वर्षाला १,६०० कोटी लिटर, बारवी धरणाचा विसावा हिस्सा. दिवसाचं सांडपाणी ४४ दशलक्ष लिटर. डोंबिवलीत आहे तशी तीन केंद्रं बांधावी लागतील, आणि तिन्ही रोज चालवावी लागतील.